दोन रेषांच्या मधली जमीन

चिचटोल्याच्या जिल्हा परिषद शाळेत निकेश पिंपळकर सर बदलून आले, तेव्हा भूगोलाच्या नावाखाली तिथं भारताचा एकच नकाशा होता आणि त्याची पूर्वेकडची सगळी राज्यं वाळवीनं खाल्लेली होती. सरांनी तो गुंडाळून कपाटावर टाकला आणि आठवीच्या वर्गाला म्हणाले, "आधी आपलं गाव काढू. भारत काही पळून जात नाही."

सर मूळचे राजुऱ्याचे. वडील कोळशाच्या खाणीत मोजणीच्या साहेबांमागे पट्टी धरून उभे राहायचे. घरी आले की सांगायचे, खाणीत डोळ्यांवर भरवसा ठेवू नये, कागदावर ठेवावा. अंधारात माणसाला दिशा कळत नाही, नकाशाला कळते. हे ऐकत वाढलेल्या पोराला नकाशा म्हणजे देव्हाऱ्यातली वस्तू वाटावी यात नवल नव्हतं.

आणि शिकवायचे ते खरोखर जीव ओतून. मुलांना दोरी देऊन शाळेपासून गावापर्यंतचा रस्ता मोजायला लावला. तलाठ्याकडून गावनकाशाची प्रत आणली. तालुक्याहून मोजणीखात्याच्या स्थलदर्शक नकाशाची झेरॉक्स मिळवली, तिच्यावर तपकिरी समोच्च रेषा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या. मोबाईलवर उपग्रहानं काढलेलं चित्र दाखवलं, तेव्हा मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातली पोरं आपापल्या घरांचे पत्रे ओळखायला एकमेकांच्या अंगावर पडली. चिचटोला वैनगंगेच्या अगदी काठावर. नदीच्या अंगाला ढिवरांची घरं, त्यांच्या मागं शेतकऱ्यांची, मग धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं, आणि बांध्या ओलांडून अर्ध्या किलोमीटरवर शाळा. शाळेवरूनच रस्ता पुढं डांबरी सडकेला जातो.

"ह्या रेषा बघा," सर म्हणाले होते. "एका रेषेवरची सगळी जमीन सारख्या उंचीची. ही रेष आणि ही रेष, यांच्यात दहा मीटरचा फरक. मधे एखादा खड्डा असला, छोटं टेकाड असलं, तर ते या नकाशाला दिसत नाही. वहीत लिहा."

मुलांनी लिहिलं. आचल भानारकरनंही लिहिलं, आणि तिचं अक्षर सगळ्या वर्गात सुरेख होतं.

त्या पावसाळ्यात तालुक्याला एक स्पर्धा निघाली. प्रत्येक शाळेनं आपल्या गावाचा आपत्ती नकाशा करायचा: पूर आला तर पाणी कुठं येईल आणि लोकांनी कुठं जायचं. सरांनी वर्गाचे गट पाडले आणि सांगितलं, माहितीची साधनं चार. गावनकाशा, स्थलदर्शक नकाशा, उपग्रहाचं चित्र आणि म्हातारी माणसं. चौथं साधन त्यांनी घातलं खरं, पण पुस्तकात तसं लिहिलं होतं म्हणून घातलं. मुलांनी आजी-आजोबांशी बोलावं, तेवढीच गंमत.

आठवड्यानं आचलनं आपला कच्चा नकाशा आणून टेबलावर ठेवला. सरांनी तो पाहिला आणि कपाळाला आठी घातली. शाळेच्या मागं तिनं निळ्या रंगाचा एक लांब पट्टा भरला होता. लोकांनी जायचा हिरवा बाण शाळेकडं नव्हता, गावाच्या दुसऱ्या अंगाला बरडीकडं होता, म्हणजे त्या दगडगोट्याच्या माळाकडं, जिथं चार मोहाची झाडं सोडली तर छप्पर म्हणून काही नाही.

"हे काय गं?"

"पाणी, सर. पुराचं."

"नदी इकडं आहे आणि पाणी शाळेच्या मागं?"

"आजी सांगते, पाणी नदीकून येतच नाई पयले. मागच्या नाल्यातून येते. नदी भरली का नाला उलटा वाहाले लागते, मंग बांध्याइतून रस्त्यावर चढते. गावात पाणी शिराच्या आगुदर शाळा तुटते."

"तुटते म्हणजे?"

"एकटी पडते, सर."

मागच्या बाकावरून अमर म्हणाला, "आचलची आजी तं नाल्याले उलटा पळवते!" आणि वर्ग खो खो हसला.

सरांनी वर्गाला गप्प केलं. पण त्यांच्याही ओठांवर हसू होतंच, आणि आचलनं ते पाहिलं.

सर अगदीच वाईट माणूस नव्हते. शाळा सुटल्यावर ते आचलच्या आजीला, सुगंधाबाईला, विचारायला गेले. म्हातारी अंगणात जाळं पसरून बसली होती. मासोळीची टोपली डोक्यावर घेऊन चाळीस वर्षं तिनं पाच गावं पायी तुडवली होती.

"बाई, हे नाल्याचं तुम्ही कधी पाहिलं?"

"तुमी जल्मलेबी नसान. तवा तिथी शाळा नोहोती, पाटलाचा गोठा होता. बारा जनावरं गेले. खुट्याले बांधले होते, सोडाले कोनी पोचलंच नाई."

"साल कोणतं?"

"साल मले काय मालूम, बापा? माया झिंगू पोटात होता."

सरांनी घरी येऊन स्थलदर्शक नकाशा पसरला. गाव खालच्या रेषेला चिकटलेलं, शाळा दोन रेषांच्या मधे, वरच्या रेषेच्या बाजूला. म्हणजे जमीन गावापासून शाळेकडं चढत जाते. उपग्रहाच्या चित्रात शाळेमागं नुसत्या हिरव्या बांध्या. साल नाही, मोजमाप नाही, पोटातल्या झिंगूच्या आधारावर नकाशा काढायचा का? दुसऱ्या दिवशी त्यांनी भर वर्गात आचलला टेबलापाशी बोलावलं.

"ऐकीव माहिती आणि मोजलेली माहिती यात फरक असतो, बाळ. शाळा उंचावर आहे, पक्की आहे, पाण्याची टाकी आहे, शौचालय आहे. लोकांना छपराखाली न्यायचं की उघड्या माळावर?" असं म्हणत त्यांनी निळ्या पट्ट्यावर लाल पेनानं आडवी रेघ मारली. "नव्यानं काढ. अक्षर तुझंच चांगलं आहे, वर्गाचा पक्का नकाशा तूच काढायचा."

चार दिवसांत आचलनं मोठ्या कागदावर असा नकाशा काढला की मुख्याध्यापकांनी मोबाईलवर त्याचे फोटो घेतले. शाळेकडं जाणारा हिरवा बाण ठसठशीत, ठिपका न ठिपका जागच्या जागी. सरपंच गोकुळाताईंना तो इतका आवडला की त्यांनी त्याचा फ्लेक्स छापून ग्रामपंचायतीवर लावला. येणारा-जाणारा उभा राहून आपलं घर शोधायचा. नकाशा स्पर्धेलाही गेला.

ऑगस्टच्या शेवटी वरच्या अंगाला तीन दिवस पाऊस कोसळला. चौथ्या दिवशी सकाळी आठला ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून गोकुळाताईंचा आवाज आला: वरच्या धरणाची दारं उघडली आहेत, नदी दुपारपर्यंत गावात येईल, लोकांनी शाळेत जावं. फ्लेक्सवर दाखवल्याप्रमाणे, असंही त्या म्हणाल्या.

सर गावातच खोली करून राहत होते. ते चौकात उभे राहून लोकांना वाटेला लावत होते. कोणी म्हातारीला पाठीवर घेतलेलं, कोणी शेळीचा कान धरून ओढतंय. ढिवर मोहल्ल्यातून सुगंधाबाई आली, काखेत गाठोडं, मागं आचल, आणि त्यांच्यामागं वीस-पंचवीस माणसं.

"मास्तर, तिकडं नोका नेऊ लोकायले," ती म्हणाली. "बरडीवर चला. तिथून सडक कोरडी राह्यते."

"बाई, बरडीवर पावसात लहान लेकरं कुठं ठेवता? शाळा वर आहे."

म्हातारीनं त्यांच्याकडं पाहिलं. भांडायला वेळ नव्हता. ती आपली माणसं घेऊन बरडीच्या पायवाटेला लागली. वळणावर आचलनं एकदा मागं वळून पाहिलं. सरांनी हातानं खुणावलं, जा, जा. बाकीचं गाव शाळेत गेलं. सत्तर-बहात्तर माणसं, चार खोल्या.

पहिले तीन तास सगळं ठीक होतं. नदी मारुतीच्या पायरीला लागल्याची बातमी आली, तेव्हा लोक म्हणाले, बरं झालं शाळेत आलो. खिचडी शिजवणाऱ्या दुर्गाबाईनं स्वयंपाकाच्या शेडमध्ये चूल पेटवली. तिचा नवरा लटारू तिला पाणी आणून देत होता. किडकिडीत, अबोल माणूस. रोज सकाळी शाळेत येऊन बायकोची भांडी उचलायचा, मग शेतावर जायचा.

साडेबाराला अमर धावत आला. "सर, मागून पाणी येऊन राह्यलं!"

सर शेडच्या मागं गेले. तांबूस पाणी बांध्यांमधून येत होतं. त्याला नदीच्या पाण्याचा आवाज नव्हता, खळखळ नव्हती. एकेक धुरा, शेताचा बांध, त्याच्याखाली गप बुडत होता, आणि पाण्यावरचा काडीकचरा नदीकडं जायचा सोडून नदीकडून इकडं सरकत होता. सर तिथं किती वेळ उभे होते ते त्यांना नंतर आठवलं नाही. आपण वर्गात सांगितलेलं वाक्य त्यांच्या कानात आपल्याच आवाजात वाजत होतं, मधे एखादा खड्डा असला तर या नकाशाला दिसत नाही, वहीत लिहा. तासाभरात गावाकडचा रस्ता गळ्याइतक्या पाण्यात गेला आणि सडकेकडचा कमरेइतक्या. अजून वेळ होता तोवर सातआठ तरणे गडी सडकेकडं पार झाले. बाया, लेकरं, म्हातारे राहिले. शाळा एकटी पडली.

ओट्यापर्यंत पाणी आलं नाही. तेवढ्यावरच भागलं असतं तर गावानं पुढं ही गोष्ट हसून सांगितली असती. पण पाण्यानं बिळं भरली की साप कोरड्याकडं येतात. दोनच्या सुमारास लटारूनं चुलीसाठी सरपणाच्या ढिगात हात घातला आणि झटकन मागं घेतला.

"कायनं तरी चावलं वो," तो बायकोला म्हणाला. अगदी साध्या आवाजात.

नाग लोकांनी पाहिला. कोणी काठी घेऊन धावला, कोणी म्हणालं दोरी बांधा, कोणी म्हणालं बांधू नका. सरांनी लटारूला खांबाला टेकवून बसवलं, हात हलू दिला नाही आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ॲम्ब्युलन्स आलीसुद्धा, अर्ध्या तासात. पण ती आली सडकेच्या तोंडापर्यंत. पाणी एव्हाना छातीवर गेलं होतं आणि त्याला ओढ लागली होती. चारशे मीटर पाण्याच्या पलीकडं ती पांढरी गाडी शाळेतून स्पष्ट दिसत होती, तिच्या टपावरचा दिवा गरगर फिरत होता. अमरच्या बापानं कमरेला दोर बांधून पाण्यात पाऊल टाकलं. पन्नास पावलांवर पाय सुटले तेव्हा लोकांनी ओढून घेतलं. तहसीलची बोट खालच्या गावात अडकली होती.

सरांनी बरडीवर गेलेल्या झिंगूला, आचलच्या बापाला, फोन केला; त्याच्याकडं मासेमारीचा डोंगा होता.

"येतो, सर," झिंगू म्हणाला. "पण नाल्याच्या तोंडावर लई ओढ आहे. डोंगा सरळ काढला तं नदीत जाईन. वळसा घालून याले लागते. टाइम लागन."

त्या दोन-अडीच तासांत सर लटारूसमोर बसून होते. त्याच्या पापण्या आधी जड झाल्या, मग बोलणं. दुर्गाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. एकदा त्यानं मोठ्या कष्टानं तोंड उघडलं. "भात उतरव," तो म्हणाला, "करपन." त्यानंतर तो बोलला नाही.

झिंगू आला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. त्याच्या तळहातांची सालटं निघाली होती. त्यानं लटारूला डोंग्यात निजवलं, दुर्गाबाईला त्याच्या पायांशी बसवलं आणि डोंगा पलीकडं नेला. ॲम्ब्युलन्स निघाली. दवाखाना दोन किलोमीटरवर राहिला असताना लटारू गेला.

पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं. पंचनामा झाला, त्यात सर्पदंश असं लिहिलं गेलं. गावात कोणी सरांना एका शब्दानं बोललं नाही. उलट भेटेल तो म्हणे, सर, तुम्ही होते म्हणून लोक घाबरले नाईत. गोकुळाताई म्हणाल्या, "साप का बरडीवर नसता निघाला?" सरांनी हे वाक्य पकडून ठेवलं. पाचसहा दिवस ते त्या वाक्याच्या आधारावर झोपले. खरंच, साप कुठंही निघतो. पण बरडीपासून सडक कोरडी होती. बरडीवरच्या माणसाला ॲम्ब्युलन्स नुसती दिसली नसती, ती त्याच्यापर्यंत आली असती. हे त्यांना माहीत होतं, आणि दुसरं कोणी म्हणत नव्हतं म्हणून ते रोज नव्यानं स्वतःलाच सांगावं लागत होतं.

शाळा सुरू झाली. दुर्गाबाई तेरावं करून कामावर आली. आचल आली नाही. पंधरा दिवस हजेरीत तिच्या नावापुढं गैरहजेरी लागली, तेव्हा सर ढिवर मोहल्ल्यात गेले. घरांच्या भिंतींवर पुराची ओल अजून होती. सुगंधाबाई दारातच भेटली.

"पोट्टी बराबर जेवत नाई, सर. पेन तं हाताले लावत नाई."

आचल आत चुलीपाशी गुडघ्यात डोकं घालून बसली होती. सर उंबऱ्याजवळ खाली बसले.

"आचल, तू बरोबर होतीस. मी चुकलो. मी तुझं ऐकायला हवं होतं."

तिनं डोकं वर केलं नाही. तशीच म्हणाली, "बाण मीच काढला, सर."

"मी सांगितलं म्हणून काढलास."

"मले मालूम होतं. आजीनं सांगतलं होतं, तरी काढला. तुमी मार्क कापले असते, एवढंच. कापू द्याले पाह्यजे होते." मग तिनं डोकं वर केलं. "चांगला दिसाव म्हनून दोनदा गिरवला, सर. लटारूकाका त्याच बाणाच्या मागं गेले."

तेरा वर्षांच्या पोरीनं सरांच्या वाट्याचं ओझं उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं, आणि ते स्वतः मात्र सापाच्या नावावर झोपत होते. ते परत परत म्हणत राहिले, तुझी चूक नाही, तुझी चूक नाही. ती ऐकतच नव्हती.

सुगंधाबाई त्यांना अंगणापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "राग नोका येऊ देऊ, सर. तुमच्या वर्गात पोट्टीले सगळे हासले. तिचं निळं पाणी तुमी साऱ्याइच्या समोर खोडलं. आता घरात येऊन कानात सांगतलं तं तिले कसं खरं वाटन?"

त्या रविवारी ग्रामसभा होती. पडलेल्या घरांच्या याद्या, गाळ भरलेल्या विहिरी, हेच विषय. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर माणसं दाटीनं बसली होती. बायकांच्या बाजूला भिंतीशी दुर्गाबाई होती. मागं, चिंचेच्या झाडाखाली, सुगंधाबाई आचलचा हात धरून उभी होती. विषय संपत आले तेव्हा सर उठले.

"हा फ्लेक्स," ते म्हणाले, "चुकीचा आहे. आणि तो चुकीचा माझ्यामुळं आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. आचलनं काय काढलं होतं, सुगंधाबाईनं काय सांगितलं होतं, आपण काय खोडलं, वर्ग कसा हसला आणि आपणही. पुस्तकी शब्द त्यांना सापडत नव्हते. बोलता बोलता ते राजुऱ्याच्या घरातली भाषा बोलायला लागले. "पोट्टीनं मले खरं सांगतलं होतं. तिनं बाण नाई काढला. तिच्या हातानं मी काढला."

मग दुर्गाबाई बोलली. ती उठली नाही, बसल्या जागेवरूनच बोलली.

"म्हणजे पोट्टीनं सांगतलं होतं?"

"हो."

"आन तुमी खोडलं?"

"हो, बाई."

"कायले?"

"मले वाटलं, मले जास्त कळते," ते म्हणाले.

दुर्गाबाईनं पदर सावरला आणि ती कोणाकडं न पाहता निघून गेली. तेव्हा कुठं आरडाओरडा सुरू झाला. एकजण म्हणाला, मास्तरले गावातून हाकला. दुसऱ्यानं त्याला खाली बसवलं. लटारूचा चुलतभाऊ सरांच्या अंगावर धावून आला, झिंगू मधे पडला. सभा मोडल्यावर गोकुळाताई सरांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, कोनी काई म्हणून नोहोतं राह्यलं. झाकलेलं काऊन उघडलं?"

सर फ्लेक्सच्या दोऱ्या सोडत राहिले.

पुढचे दिवस वाईट गेले. तालुक्याला तक्रार गेली, सरांकडून लेखी खुलासा मागितला. त्यांनी तो जसं घडलं तसा लिहिला, आणि स्पर्धेतून नकाशा परत मागवला. दोन पालकांनी मुलं दुसऱ्या गावच्या शाळेत घातली. दुर्गाबाई आठ दिवस आली नाही. आली, तेव्हा सरांशी बोलणं बंद. खिचडी वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची असते. ती वाटी ती दुसऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवायची. सरांनी बदलीचा अर्ज लिहिला, दोनदा घडी घातली, आणि खुलाशाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं ठरवलं. पळून गेलो असं पोरांना वाटू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

आचल मात्र ग्रामसभेनंतरच्या सोमवारी शाळेत आली. मागच्या बाकावर बसली. अमरनं न सांगता तिच्यापुढं आपली वही सरकवली, सुटलेले धडे उतरवून घ्यायला.

डिसेंबरात धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या, तेव्हा सरांनी मुलांना पुन्हा बाहेर काढलं. अमरचा बाप गवंडी. त्यानं पाणी भरलेली पारदर्शक नळी आणून दिली आणि दोन टोकांना पाणी एकाच पातळीत कसं राहतं ते दाखवलं. त्या नळीनं गावाच्या चौकापासून शाळेच्या ओट्यापर्यंतची आणि तिथून मागच्या बांध्यांपर्यंतची उंची मुलं टप्प्याटप्प्यानं मोजत गेली. दोन दिवसांनी आकडा निघाला. शाळेच्या मागची जमीन ओट्यापेक्षा अडीच मीटर खाली होती, आणि गावाच्या चौकापेक्षाही जवळजवळ हातभर खाली. स्थलदर्शक नकाशावर त्या जागी कोरा कागद होता.

"आता पाणी कुठवर चढलं होतं ते पाहिजे," सर म्हणाले. शेडच्या मागच्या भिंतीवरची बाहेरची गाळाची रेघ पावसाच्या झडीनं धुऊन गेली होती. आचल नळीचं टोक भिंतीला लावून अंदाज घेत होती. अमर म्हणत होता, इथी. दुसरी पोरगी म्हणत होती, नाई, खाली.

शेडमधून दुर्गाबाई बाहेर आली. पोरांना वाटलं ती ओरडेल. त्याच भिंतीच्या आतल्या अंगाला सरपणाचा ढीग होता. आता तो नव्हता, तिनं लाकडं कधीच उचलून उघड्यावर रचली होती. तिनं आचलच्या हातातून नळीचं टोक घेतलं, क्षणभर भिंतीकडं पाहत राहिली आणि ते वर सरकवलं.

"इथी," ती आचलला म्हणाली. "पाणी इथवर होतं. मी इथीच उभी होती."

सर चार पावलांवर उभे होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही, आणि त्यांनीही पुढं पाऊल टाकलं नाही. आचलनं खडूनं खूण केली, पट्टीनं मोजलं आणि वही उघडली. आकडा लिहिला, तारीख लिहिली आणि मग थोडं थांबून विचारलं, "सर, कोनी सांगतलं तेबी लिहू?"

"लिही," सर म्हणाले.

तिनं लिहिलं: दुर्गाबाई, स्वतः पाहिलेलं. दुर्गाबाई नळीचं टोक तिच्या हातात देऊन आत गेली, आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.